कॅप, चिनी माती आणि झिरकोनिया: दातांच्या लॅबला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लॅब तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत. आसपासच्या दवाखान्यांतून मापं येतात, इथून दात जातात. पेशंटची आणि आमची खरं तर गाठ पडायला नको, पण गाव लहान. बाजाराला आलेला माणूस कॅप हातात घेऊन थेट दारात उभा राहतो. मी डॉक्टर नाही. दात काढावा की वाचवावा, रूट कॅनल करावं की नाही, हे माझं काम नव्हे. दात कशाचा बनतो, कसा भाजतात, काहून तडकतो, एवढं मात्र नीट सांगू शकतो.

चिनी मातीचा दात म्हणजे लोणच्याच्या बरणीचीच माती का?

नाही. भद्रावतीकडच्या माणसाला मातीकाम ठाऊक असतं, तो हा प्रश्न हमखास विचारतो. बरणी-कपबशीत केओलिन, म्हणजे पांढरी माती, भरपूर लागते. तिच्यामुळेच ओला गोळा आकार धरतो. पण भाजल्यावर ती उजेड अडवते. दातात उजेड थोडा आत शिरून परत यायला हवा, नाहीतर तो दात लांबूनच खोटा दिसतो. म्हणून दाताच्या जुन्या पारंपरिक मिश्रणात साधारण ७५ ते ८५ टक्के फेल्डस्पार, १२ ते २२ टक्के गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि केओलिन जेमतेम ३ ते ५ टक्के. आजच्या बहुतेक पावडरींत तेवढंही नसतं. फेल्डस्पार वितळून काच होते, गारगोटीचे कण त्या काचेला ढासळू देत नाहीत. थोडक्यात, ही वस्तू मातीपेक्षा काचेच्या जवळची.

आमच्याकडे येणारी पावडर कच्ची नसते. कारखान्यात सगळं एकत्र वितळवून, लालबुंद असतानाच पाण्यात ओततात. त्याचे तुकडे तुकडे होतात, मग ते दळतात. रसायनाचा खेळ तिथेच आटोपलेला असतो. आमच्या भट्टीत फक्त कणाला कण चिकटतो.

मग रंग कशाचा? काही दिवसांनी उडतो का?

आतला रंग उडत नाही. साधा रंग भट्टीत जळून जाईल, म्हणून धातूंची ऑक्साइडं वापरतात: तपकिरीसाठी लोहाचं, पिवळसर छटेसाठी टायटॅनियमचं, निळ्यासाठी कोबाल्टचं, जांभळटसाठी मँगनीजचं. वरून हलक्या हातानं मारलेला रंग आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, मात्र वर्षानुवर्षांच्या घासण्यानं कमी होऊ शकतो.

एक गंमत सांगतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या जांभळ्या लाइटखाली खरे दात चमकतात, आणि त्यात एखादा खोटा दात काळा पडलेला दिसतो. खऱ्या दातात अतिनील उजेडानं चमकण्याचा गुण आहे. तो आणण्यासाठी पूर्वी पोर्सेलिनमध्ये, म्हणजे या दाताच्या चिनी मातीत, चक्क युरेनियमचं ऑक्साइड घालत. ते बंद झालं, आता सेरियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं घालतात. स्वस्त पावडरीत हा गुण कमी असू शकतो. समोरचे दात करणार असाल आणि घरात लग्न असेल, तर डॉक्टरांना सांगून ठेवा.

एवढं चांगलं पोर्सेलिन आहे, तर आत धातू कशाला घालता?

कारण पोर्सेलिन दाब सोसतं, ताण सोसत नाही. वरून दाबलं तर टिकेल. वाकवलं की पृष्ठभागावरची न दिसणारी बारीक चीर उघडते आणि सरळ आरपार जाते. धातू वाकतो, काच वाकत नाही. म्हणून आत धातूची टोपी, वर पोर्सेलिनचे थर. यालाच डॉक्टर पीएफएम (पोर्सेलिन फ्यूज्ड टू मेटल) म्हणतात.

हे जमायला बराच काळ गेला. तापल्यावर धातू जास्त फुगतो, फेल्डस्पारची काच कमी. अंशागणिक दशलक्षात धातू साधारण १४ भाग वाढतो, नुसती काच ८ च्या आसपास. भट्टीतून बाहेर काढून थंड केलं की वरचा थर तडकून उडणारच. उपाय निघाला ल्युसाइटचा. पोटॅश फेल्डस्पार साधारण ११५० अंश सेल्सियसला वितळताना काचेबरोबर ल्युसाइटचे स्फटिक तयार होतात, आणि ल्युसाइट तापल्यावर खूप फुगतं. त्याचं प्रमाण सांभाळलं की पोर्सेलिन धातूच्या जवळ येतं. अमेरिकेत वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये याची पेटंटं घेतली, आणि तिथून धातू-सिरॅमिकचं, म्हणजे धातूवर भाजलेल्या पोर्सेलिनचं, युग सुरू झालं.

दोघांचं फुगणं अगदी सारखंही ठेवत नाहीत. धातू किंचित जास्त आकसावा लागतो. बैलगाडीच्या चाकाला तापलेली धाव चढवतात, थंड होताना ती आवळते आणि लाकूड दाबात राहतं. इथे आवळणारा धातू आत, दाबात राहणारं पोर्सेलिन बाहेर. दाबात असलेल्या पोर्सेलिनमध्ये चीर सहजी उघडत नाही. म्हणूनच एका कंपनीचा धातू आणि भलत्याच कंपनीची पावडर असा संसार मांडायचा नसतो, दोन्ही एकमेकांना जुळतात याची खात्री करूनच घ्यायची असते.

पीएफएम कॅप प्रत्यक्षात कशी होते?

आधी मेणाची टोपी. ती साच्यात पुरून, मेण जाळून, त्या पोकळीत निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम ओततात. धातू घासून, वाळूचा मारा करून, भट्टीत एकदा नुसताच तापवतात म्हणजे त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. पोर्सेलिन त्याच थराला धरतं. थर जास्त जाड झाला तर तोच सोलून निघतो. मग ओपेक, म्हणजे धातूचा काळेपणा झाकणारा अपारदर्शक लेप. त्यावर डेंटिन, म्हणजे दाताच्या आतल्या थरासारखी पावडर, त्यावर टोकाला इनॅमल, म्हणजे वरच्या कवचासारखी, शेवटी ग्लेझ.

खरी कसरत डेंटिन लावताना. पावडर द्रवात कालवून ब्रशनं चढवायची, मॉडेलला करवतीच्या दात्यांनी बारीक हादरे द्यायचे, वर आलेलं पाणी टिश्यूनं टिपायचं. पुन्हा हादरे, पुन्हा टिपणं. पाणी निघतं तसे कण जवळ येतात. जेवढे कण जवळ, तेवढी भट्टीत आकसण्याची भीती कमी. तरी आकारमान साधारण एक तृतीयांश घटतं, म्हणून भट्टीत जाणारा दात बेढब मोठा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा काय राक्षसाचा दात! आकसण्याचं दुखणं नवं नाही. फ्रान्समध्ये १७७४ च्या सुमारास अलेक्सिस द्युशातो नावाच्या औषधविक्रेत्यानं स्वतःसाठी पोर्सेलिनची कवळी करून घेतली, तेव्हाही भट्टीनं त्याला असाच घोर लावला होता.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की कालवलेली पावडर ब्रशवरच वाळते. वाळलेल्यावर पुन्हा पाणी घातलं की आत हवा अडकते. कूलर लावावा तर त्याच्या वाऱ्यानं आणखी लवकर वाळते, शिवाय धूळ. एक काळा कण आत भाजला गेला की सगळं घासून पुन्हा सुरुवात. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर. भट्टीत हवा काढून घेतात तेही बुडबुड्यांसाठीच. हवेत भाजलेला दात दुधाळ आणि कमजोर होतो.

झिरकोनिया धातू आहे का?

नाही, सिरॅमिकच. झिरकोनियम हा धातू. त्याचं ऑक्साइड म्हणजे झिरकोनिया. मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये झिरकॉन खनिजातून तो ओळखला. झिरकॉनची वाळू आपल्याकडे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सापडते.

शुद्ध झिरकोनियाचा मात्र दात होत नाही. त्याची स्फटिकरचना तापमानाबरोबर बदलते. साधारण ११७० अंशांच्या वर ती एक असते, थंड होताना दुसरी होते आणि त्या वेळी आकारमान ४ ते ५ टक्के वाढतं. इतक्या कडक वस्तूत एवढं फुगणं म्हणजे ठिकऱ्याच. त्यात ३ मोल टक्के (शंभर रेणूंत तीन) यट्रिया, म्हणजे यट्रियम धातूचं ऑक्साइड, घातलं की गरम असतानाची रचना थंड झाल्यावरही टिकते, पण जबरदस्तीनं टिकलेली. आता एखादी चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण ताणामुळे आपली मूळची, थंड असतानाची रचना घेतात, फुगतात, आणि चिरेलाच चिमटतात. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी हे मांडलं. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच: जो दुर्गुण वस्तू फोडायचा, त्यालाच राखणीला बसवलं.

आकड्यांत सांगायचं तर वाकवून मोडण्याची ताकद साध्या पोर्सेलिनची १०० मेगापास्कलच्या आतबाहेर, लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकची (त्याबद्दल पुढे सांगतो) ४०० च्या आसपास, आणि या झिरकोनियाची ९०० ते १२००.

मग एवढी कडक वस्तू कोरता कशी?

कडक व्हायच्या आधी. झिरकोनियाची चकती अर्धवट भाजलेली येते, ब्लेडनं खरवडता येईल इतकी मऊ आणि पांढरी. संगणकावर दात आखायचा, मशीन तो २० ते २५ टक्के मोठा कोरते, कारण पूर्ण भाजल्यावर तो लांबी-रुंदी-उंचीत साधारण एक पंचमांश आकसतो. नेमका किती, हे प्रत्येक चकतीवर छापलेलं असतं. तो आकडा संगणकात चुकीचा गेला की कॅप बसत तरी नाही, नाहीतर डुगडुगते. मग तिला घासून-घासून बसवण्यात अर्थ नसतो, नवी करावी.

पूर्ण भाजणं १४५० ते १५५० अंशांना, आणि चढवणं-उतरवणं धरून नेहमीच्या भट्टीत सहा ते दहा तास. घाई केली, तापमान झरझर चढवलं, तर आत तडे राहतात, जे दिसत नाहीत. आता खेड्यापाड्यातली वीज तुम्हाला सांगायला नको. पोर्सेलिनची छोटी भट्टी बॅटरीवर निभते. ही रात्रभराची भट्टी जनरेटरशिवाय लावणं म्हणजे जुगार. म्हणून तालुक्याच्या बऱ्याच लॅब झिरकोनियाचं कोरणं-भाजणं नागपूर किंवा अमरावतीहून करून घेतात आणि रंग, ग्लेझ, पॉलिश आपल्याकडे करतात. यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या डॉक्टरांना खुशाल विचारा.

दोन दवाखान्यांत झिरकोनियाचे भाव वेगळे काहून?

एक कारण असं की झिरकोनिया एकच नाही. ३ मोल टक्के यट्रियाचा सगळ्यात दणकट, पण थोडा खडूसारखा पांढरा. यट्रिया ५ मोल टक्क्यांपर्यंत वाढवला की घनाकृती स्फटिक वाढतात, उजेड जास्त शिरतो, दात सुंदर दिसतो. पण चिरेला चिमटण्याची ती करामत जवळपास जाते आणि ताकद ५०० ते ७०० वर येते. मधला ४ टक्क्यांचाही मिळतो. शिवाय एकाच चकतीत वरून खाली रंग बदलत जाणारे प्रकार आहेत. वॉरंटी कार्डावर सगळ्यांचं नाव ‘झिरकोनिया’च. दाढेसाठी समोरच्या दाताचा माल आणि लांब ब्रिजसाठी, म्हणजे सलग जोडलेल्या दातांसाठी, पाच टक्क्यांचा माल घेऊ नये. भाव विचारता तसं ‘कोणत्या प्रकारचा’ हेही विचारा.

ई-मॅक्स म्हणजे काय?

लिथियम डायसिलिकेट नावाच्या काच-सिरॅमिकचं हे एका कंपनीचं व्यापारी नाव. काचेत सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतलेले, आकारमानानं साधारण ७० टक्के. दोन रीतींनी करतात: मेण जाळून झालेल्या साच्याच्या पोकळीत ९०० अंशांच्या थोडं वर तापवून दाबून भरतात, किंवा ठोकळ्यातून कोरतात. ठोकळा निळा-जांभळा असतो. तो निळा दात पाहून एक आजी म्हणाल्या होत्या, “असा दात घालून मी कुठं जाऊ जी?” स्फटिकं पुरी वाढलेली नसतात म्हणून तो रंग, आणि म्हणूनच तो मशीनला सोपा. नंतर ८४० अंशांच्या आसपास भाजला की निळा जातो, दाताचा रंग येतो, ताकद दुप्पट-तिप्पट होते.

मी कोणता घ्यावा?

निर्णय डॉक्टरांचा, माझं मत सांगतो. चावणाऱ्या दाढेला अखंड झिरकोनिया, वर पोर्सेलिनचा थर न चढवता. झिरकोनियावर थर चढवला की तुटतो तो वरचा थर. समोरच्या एक-दोन दातांना लिथियम डायसिलिकेट. पैशाची ओढाताण असेल तर नीट केलेली धातू-सिरॅमिक कॅप घ्या आणि कमीपणा मानू नका. घाईत भाजलेल्या झिरकोनियापेक्षा ती केव्हाही बरी. शेतात पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत मजुरी सोडून पाच वेळा दवाखान्यात येणं कोणाला परवडतं? एकदा करून टिकेल ते करा.

खर्रा खातो. कॅपला काही होते का?

ग्लेझ केलेल्या सिरॅमिकवर डाग सहसा वरवर बसतो, तो निघतो. कॅपची कड आणि हिरडी जिथे भेटतात तिथे मात्र खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, साचतो, खालचा खरा दात तिथून किडतो आणि चांगली कॅप फुकट जाते. सुपारीचं खांड दाताखाली आडवं आलं की पोर्सेलिनचा टवका उडतो. फुटाणे चालतील, सुपारी नको. आणखी एक. खर्ऱ्यानं ज्यांच्या तोंडाची कातडी आखडली आहे, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्यांचं माप घेता येत नाही, मागच्या दाढेवर कॅप बसवता येत नाही. तोंड कमी उघडतं असं वाटलं तर कॅपचं नंतर पाहू, आधी डॉक्टरांना दाखवा. तो कर्करोगाकडे नेऊ शकणारा आजार आहे.

मला एकदम पांढरे फटक दात पाहिजे.

करून देता येतात, पण शेजारचे दात तुमचेच राहणार. रंग जुळवायला १६ छटांची पट्टी असते, ए१ पासून डी४ पर्यंत. छटा दिवसाच्या उजेडात, दाराशी उभं करून, डॉक्टरांनी कॅपसाठी दात घासायला घेण्याआधी पाहावी. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळून पांढरे दिसतात आणि छटा चुकते. ट्यूबलाइटखाली ठरवलेली छटा उन्हात वेगळी दिसते, आणि तुमचा दिवस तर उन्हातच जातो. लिपस्टिक लावून येऊ नका.

आमच्या गावात सगळ्यांचेच दात पिवळे-तपकिरी आहेत. सगळ्यांवर कॅप बसवायची का?

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. लहानपणी दात घडताना ते पाणी पोटात गेलं की डाग पडतात, आणि ते घासून जात नाहीत. आधी साधे उपाय असतात: ब्लीचिंग, वरचा पातळ थर घासणं, रंगाचं फिलिंग. मग व्हिनियर, म्हणजे पुढच्या बाजूचा पातळ सिरॅमिक पापुद्रा. कॅप सगळ्यात शेवटी, कारण तिच्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. आणि घरातल्या लहान लेकराचं पिण्याचं पाणी आजच तपासून घ्या.

कॅपसाठी चांगला दात किती घासतात?

धातू-सिरॅमिकला दीड ते दोन मिलिमीटर, कारण धातू, ओपेक आणि पोर्सेलिन सगळ्यांना जागा हवी. अखंड झिरकोनियाला अर्धा ते एक मिलिमीटर पुरतो. लिथियम डायसिलिकेटला एक ते दीड. जागा कमी मिळाली की आम्ही थर पातळ करतो, आणि कॅप तिथेच फुटते. फुटलेल्या कॅपची जाडी मोजली की बहुतेकदा कारण कळतं.

हिरडीजवळ काळी रेघ दिसते ती कशाची?

धातूच्या कडेची. हिरडी थोडी खाली सरकली की दिसते. नकली दागिन्यांनी कान खाजत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते; कॅप करण्याआधी सांगा.

झिरकोनिया समोरचा खरा दात झिजवतो म्हणतात?

आरशासारखा पॉलिश केलेला झिरकोनिया कमी झिजवतो, खडबडीत जास्त. बसवल्यावर उंच लागतो म्हणून डॉक्टर टोकरतात, तेव्हा पुन्हा पॉलिश करून घेणं गरजेचं. जीभ फिरवून पाहा. खरखर लागली तर त्याच दिवशी सांगा.

माप पाठवलं, आठ दिवस झाले. उशीर कशाचा?

अर्धा वेळ रस्त्यात जातो. अल्जिनेटचं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पावडरीचं, माप लवकर वाळून आकसतं. मेच्या उन्हात एसटीच्या पार्सलमध्ये ते दुपारपर्यंत कामातून जातं. शहाणा डॉक्टर दवाखान्यातच त्यावर मॉडेल ओतून पाठवतो, किंवा सिलिकॉनचं माप घेतो, जे टिकतं. तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर माप मोबाइलच्या नेटवर्कवरून येतं, तेवढा दिवस वाचतो. नेहमीच्या भट्टीचे तास मात्र वाचवता येत नाहीत.

पंधरा वर्षांच्या वॉरंटी कार्डाचा उपयोग काय?

कॅप मोडली तर नवी मिळते, अटींत बसलं तर. खालचा दात किडला, हिरडी सुजली, ते त्यात नसतं. कार्डावर मालाचं नाव, लॉट नंबर आणि दाताचा नंबर आहे का पाहा. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. नंबर नसलेलं कार्ड म्हणजे छापील कागद.

एमआरआयला कॅप काढावी लागते का?

नाही. झिरकोनियाचा त्रास नसतो. धातूच्या कॅपची तोंडाजवळच्या चित्रात सावली पडू शकते, तंत्रज्ञाला आधी सांगा.

कॅप निघून हातात आली तर?

धुऊन डबीत ठेवा, कापसात गुंडाळू नका, केरात जाते. फेविक्विकनं चिकटवू नका. ते आत कडक होतं आणि मग ना कॅप वाचते ना दात. लिथियम डायसिलिकेटची कॅप आतून हायड्रोफ्लोरिक आम्लानं खरखरीत करून, सिलेन नावाचं जोडद्रव्य लावून चिकटवतात. झिरकोनियावर ते आम्ल चालत नाही. त्याला वाळूचा बारीक मारा आणि वेगळा प्रायमर लागतो, आणि थुंकी लागली असेल तर आधी ती नीट साफ करावी लागते. म्हणून कॅप कोणत्या मालाची आहे हे डॉक्टरांना कळायला हवं. कार्ड सोबत न्या, आणि दोन-चार दिवसांतच जा. दात उघडा राहिला की सरकतो, मग तीच कॅप बसत नाही.